बोर्डाखालचं जेवण

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हे समदं सुरू झालं… आनि टाळ्या नका हो वाजवू, हात जोडते! यशोदाताई, तुमी तरी थांबवा की ह्यास्नी! तुमी मला हितं सगळ्या आयांपुढं हुबं केलं, म्हणालात, "आपल्या अंगणवाडीतली ही एकच आई, जी बाळाला मोबाईल न दाखवता भरवते. दिपालीताई, सांगा बरं सगळ्यांना, कसं जमवता ते!" आनि माझं कान असं तापलं की वर भाकरी टाकली तर भाजंल! मागल्या बैठकीत तुमी इचारलं, मोबाईल न दाखवता कोण भरवतं, हात वर करा, मी केला. खोटं न्हाय केला. मोबाईल न्हाय दावला… देवाशपथ न्हाय दावला! पर बाकीचं तुमी इचारलं न्हाय आनि मी सांगितलं न्हाय.

तर तुमाला सांगते, आमचा युवराज. घास दिसला की तोंड असं मिटतंय की जनू आत सोनं ठिवलंय! चिऊचा घास केला, काऊचा केला, काऊ येऊन ताटातला घास घिऊन गेला, पर ह्यानं तोंड उघडलं न्हाय. तुमीच ताई त्याच्या वजनाच्या तक्त्यावर पिवळ्या पट्टीत ठिपका दिला, "लक्ष द्या हं, दिपाली." लक्ष? आवो, लक्ष देऊन देऊन माझंच वजन उतरलं! त्याचा हात धरून बघायची, काल हुता तेवढा हाय का बारीक झालाय… आनि सासूचा फोन तर रोजचा. "खातंय का माझं नातू?" "खातंय की आत्या." कुटलं खातंय!

त्या दिशी वैतागून वरणभाताचा डबा आनि पोरगं कडंवर घेतलं, भवानी पेठेतनं बाहेर पडले, चौकात आले, आनि तितं जाहिरातींचा तो नवा बोर्ड लावल्याला. दिव्यांचा! दुमजली घराएवढा! त्याच टायमाला पयल्यांदा पेटला. सगळा चौक निळा झाला, मग लाल, मग ऊसाच्या रसावानी हिरवा, गाढवावरचा माणूस बी थांबला आनि गाढव बी. आनि आमच्या युवराजाचं तोंड… उघडलं! असं आऽऽ उघडलं की मला त्याची पडजीभ दिसली! मी काय करायला पायजे हुतं? आईच हाय की मी. घास घेतला, आत सारला. गिळला! बाई, गिळला! दुसरा. गिळला! डबा पुसून काढला पोरानं, आनि मी तितंच बंद दुकानाच्या पायरीवर बसून रडले. मोबाईल न्हाय दावला… देवाशपथ!

मग काय, रोज. घरात सांगायची, वारं खायाला नेते पोराला. वारं! त्या चौकात वारं कुटलं, रिक्षांचा धूर!

आनि तो बोर्ड मुका, तुमी बघितलाच असंल. नुस्ती चित्रं आनि अक्षरं. चित्र बदललं की युवराज माझ्या तोंडाकडं बघायचा, जनू इचारतोय, हे काय गं? मग मी वाचायची. सातवी झालीया माझी, म्होरं मेंढरांमागं गेले, आनि लगीन झाल्यापास्नं मसाल्याच्या पुडीबिगर काय वाचायला गावलं न्हवतं. मला बी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू! मोठ्यानं वाचायची, सुरात. "साऽऽड्यांचा महासेल!" अर्धा घास. "होटगी रोडला प्लॉट, बुकिंग सुरू, त्वरा करा!" एक घास. वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात आली की तोंड बंद. गॉगल घातलेली इतकी माणसं एकदम तुमच्याकडं बोट करून बघाय लागली तर कुणाचं बी तोंड बंद हुईल!

पर एक जाहिरात हुती… कसं सांगू, यशोदाताई, तुमी शिकल्याल्या. त्यात एक खुर्ची, खुर्चीखाली ज्वाळा, आनि वर एक बापय दातओठ खाऊन बसल्याला. मग ज्वाळा इझत्यात आनि तो हसतो. खाली लिहिलंय… मूळव्याध. हसा! हसा, बायांनो, मी बी हसत हुते तवा! युवराज त्या ज्वाळांसाठी जीव टाकायचा. मी म्हणायची, "मूऽऽळव्याध! मूळव्याध! बिना ऑपरेशन!" की ह्याचं दोन घास गटागट. मी तर मोठ्ठा घास वळून त्या जाहिरातीची वाट बघत बसायची! चौकातली कानडी फुलवाली नागव्वा वरडायची, "एनव्वा दिपाली! मी हितं गजरं इकाय बसले, आनि तू शेजारी मूळव्याध मूळव्याध वरडतीस! नवीन लग्नाची जोडी थांबलती, पळाली की!" मी म्हणायची, मावशी, एवढा घास जाऊ दे.

आनि पोरगं भरलं. गाल आलं. सासूबाई गावावरनं आल्या, त्याला उचलला, म्हणाल्या, "दिपाली, हातगुण हाय हं तुझा!" सासूनं असं म्हणलं तर कोण सांगंल, की आत्या, हातगुण माझा न्हाय, चौकातल्या खुर्चीवरच्या माणसाचा हाय? न्हाय सांगितलं. मोबाईल न्हाय दावला एवढंच सांगितलं, देवाशपथ.

मग आलं जावळ. आमचं गाव सांगोल्याच्या फुडं, माळावर बिरोबाचं देऊळ, तितं सगळी भावकी जमल्याली. जावळ काढलं, निवद दावला, आनि सासूबाईंनी पुरणपोळी दुधात कुस्करून घास केला. युवराज तवर एक शब्द बोलला न्हवता, बरं का. आई न्हाय, बाबा न्हाय. तर सासूबाई त्याच्यापुढं घास धरून म्हणत्यात, "म्हण, आज्जी! आज्जी म्हण, मग घास!" दोघा-तिघांनी मोबाईल धरलं, पोराचा पयला शब्द घ्यायला. मला सांगा, त्या पोराच्या जिवाला काय ठावं? त्याला ठावं एवढंच, की घास म्होरं आला की काय म्हणायचं असतं! त्यानं दोन्ही हात वर केलं, तोंड उघडलं, आनि…

"मूऽऽयव्याद!"

माझ्या सुरात! माझाच हेल काढून! ळ चा य झाला, पर कळायचं ते समद्यांना कळलं. घास मिळंना म्हणून परत, "मूयव्याद! मूयव्याद!" बिरोबाच्या दारात!

सासूबाई म्हणाल्या, "आगं बया बया… कुणाला?"

चुलतसासरे म्हणाले, "लेकरू घरात ऐकतंय तेच बोलतंय की."

आनि सगळी भावकी वळून कुणाकडं बघती? आमच्या मालकाकडं! आनि आमचं मालक सोलापूरपास्नं फटफटीवर खड्डं खात आल्यालं, कंबर धरून देवळाच्या खांबाला टेकून हुबं! चुलतसासरे मायेनं म्हणाले, "बस की, अजिनाथ." हे म्हणतात कसं, "न्हाय काका, हुबाच बरा हाय मी."

झालं!

एक म्हणतोय ताक पी, एक म्हणतोय सुरण खा, एकीनं पळत जाऊन उशी आणली. धाकटी नणंद रडाय लागली, "दादा, एवढं सोसलंस, बोलला न्हाईस!" हे आपलं, "आवो पर मला काय बी…" "लाजू नगं, लाजू नगं!" आनि मी? मी पदर तोंडावर घेतला. तोंड उघडाय पायजे हुतं माझं, एका शब्दात मिटलं असतं. न्हाय उघडलं. नवऱ्याच्या अब्रूवर उशी ठिवली लोकांनी, आनि मी मिटून बसले.

घरी येऊन सांगितलं त्यास्नी. समदं, नागव्वासकट. वाटलं, आता हात उगारत्यात. तर म्हणाले, "दिपे, आईला सांगू नगं. रस्त्यावर बसवून चारती म्हणून तुला जलमभर बोलंल. माझं काय, सुरण तर खायाचं हाय." बाई, मारलं असतं तर एवढं लागलं न्हसतं! आता भावकी सुरण धाडती, आनि हे खात्यात रोज. घसा खाजतोय, खात्यात. गावचा एक गडी ह्यांच्याच कारखान्यात हाय, त्यानं तितं बी पोचवलं, टॉवेल घडी करून ह्यांच्या स्टुलावर ठिवत्यात, म्हणत्यात, "या सायब." आनि हे बसत्यात त्यावर.

आजून बी सांगितलं न्हसतं मी, लई भित्री हाय. पर धाकट्या दिराला स्थळ आलंय. पोरगी चांगली, माणसं चांगली, आनि त्यांनी निरोप धाडला, "थोरल्याला हाय म्हणं. घराण्यातच हाय का?" रविवारी ठरवायला बसणार हाईत. पोराच्या एका घासापायी दिराचं लगीन मोडतंय, आनि ताई, तुमी हितं माझ्यासाठी टाळ्या वाजवून घेताय!

व्हय, आजून नेते त्याला चौकात. काय करू? तुमच्याच हातानं परवा ठिपका हिरव्या पट्टीत आलाय.

तर मोबाईल न्हाय दावला, हे खरं, देवाशपथ. पर टाळ्या माझ्या न्हाईत, घ्या परत. आनि तुमच्यात जिचं कुणाचं माहेर सांगोल्याकडं असंल, जिची भन तिकडं दिली असंल, तिनं आजच्या आज फोन लावा, रविवारच्या आत गावभर हू द्या. म्हणावं, अजिनाथला काय बी झालं न्हाय, त्याच्या बापाला न्हवतं, भावाला न्हाय. त्याच्या बायकोनं चौकात बसून पोराला शिकवलंय ते. माझं नाव घेऊन सांगा, दिपाली म्हणून सांगा, सासूबाईंच्या कानावर गेलं तरी जाऊ द्या.

आनि एवढं सांगाच, की सुरण धाडू नका म्हणावं आता… खाटंखाली बी जागा उरली न्हाय.