मागच्या खोलीतलं ऑफिस

भाऊ : अगं, पण एवढं हळू का बोलायचं? घरात आपण तिघंच तर आहोत.

ताई : घरात फक्त बाबा आहेत. मी ऑफिसात आहे, आणि तू अजून आलेला नाहीस.

भाऊ : ताई, बरी आहेस ना?

ताई : बस आधी. त्या खुर्चीवर नको, ती करकरते. पलंगावर बस. माझी चहाची सुट्टी आहे, तेवढ्यात सांगते.

भाऊ : आधी हे सांग, मला चोरासारखं मागच्या दाराने का बोलावलंस?

ताई : मीही मागच्याच दाराने येते. रोज सकाळी आवरते, बूट घालते, पर्स खांद्याला लावते, ‘येते हं बाबा’ म्हणून पुढच्या दाराने बाहेर पडते. मग घराला वळसा घालून या खोलीत. मधलं दार बंद. दुपारी जेवायला आणि संध्याकाळी तोच वळसा उलटा.

भाऊ : आणि बाबांना ते खरं वाटतं?

ताई : रोज विचारतात, बस वेळेवर मिळाली का.

भाऊ : कमाल आहे तुझी. तू घरून काम करायला लागलीस तेव्हा मी एवढा व्यवस्थित दिनक्रम आखून पाठवला होता. सकाळी चालणं, मग सलग काम, जेवणाची ठरलेली वेळ, संध्याकाळी कॉम्प्युटर बंद म्हणजे बंद. कामाच्या वेळी दार लावून घ्यायचं. माझ्या टीममध्ये सगळे हेच करतात.

ताई : तुझ्या टीममध्ये बाबा नाहीत. महिनाभर तुझंच ऐकलं मी. दार लावलं की ते दार वाजवायचे. मुलगी आत आहे म्हटल्यावर त्यांना चैन कसं पडेल? चष्मा कुठे आहे, आज वार कोणता, तू जेवलीस का. उत्तर दिलं की चार पावलं जायचे आणि परत तोच प्रश्न. त्यांच्या लक्षातच राहत नाही रे, त्यांना तरी काय बोलायचं.

भाऊ : साहेबांना सांगायचं ना स्पष्ट.

ताई : कुठल्या तोंडाने? विम्याच्या पैशांसाठी एका बाईंचा फोन होता, नुकताच नवरा गेलेला. मी माहिती लिहून घेतेय, तर बाबा मागे येऊन विचारतात, ‘तुझी आई कुठे गेलीय गं?’ मी हेडफोन न काढताच म्हटलं, ‘आई गेली, बाबा. दोन वर्षं झाली.’ तिकडे त्या बाई ढसाढसा रडायला लागल्या, इकडे बाबा. आमचे फोन रेकॉर्ड होतात. साहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, परत असं झालं तर कायमच्या घरी बसा.

भाऊ : घरीच तर बसली आहेस.

ताई : हस, हस. मलाही तेव्हा हसूच आलं होतं, नाहीतर रडले असते.

भाऊ : मग हे ऑफिसचं खूळ तेव्हाचं?

ताई : एकदा मी भाजी आणायला गेले होते. परत येऊन बघते तर बाबा शांतपणे पेपर वाचत बसलेले. मी घरातच नाही म्हटल्यावर हाक कुणाला मारणार? तेव्हा सुचलं. आणि वळसे घालण्यात तुझं ते चालणंही होतं.

भाऊ : हे किती दिवस चालवणार आहेस? थोडं प्रॅक्टिकल हो. मी त्यासाठीच आलोय. मी बाबांसाठी चौकशी केली होती त्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. त्यांना आजच्या आज उत्तर हवंय.

ताई : नाही म्हणून कळव.

भाऊ : का पण?

ताई : तिथे ते रोज विचारतील, ही ऑफिसातून कधी येते. आणि मी येणार नाही.

भाऊ : मग नोकरी सोड.

ताई : आणि खायचं काय? तुझा दिनक्रम? इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर उभा राहून तू मला व्यायाम शिकवतोस. थांब, बाबांचाच फोन आहे. हल्ली ऑफिसात फोन करतात. आवाज जरा घाबरल्यासारखा वाटतो, पण कारण सांगत नाहीत.

(ती आवाज अगदी बारीक करून स्पीकर लावते.)

बाबा : ऑफिसात पोचलीस ना गं?

ताई : हो बाबा. बोला.

बाबा : कामात असशील. पण आज जरा लवकर येशील का? मागच्या खोलीत कोणीतरी शिरलंय.

ताई : कोणी नाही, बाबा. भास होतोय तुम्हाला.

बाबा : भास नाही. रोज येते. तू गेलीस की येते. एक बाई आहे, सारखी कुणाशी तरी बोलत असते. आज तर पुरुषाचाही आवाज येतोय. तुझ्या कामात खोळंबा नको म्हणून इतके दिवस बोललो नाही. काठी घेऊन दारासमोरच बसून असतो मी.

भाऊ : ताई, दार उघड. जा त्यांच्यासमोर, सांगून टाक.

ताई : हळू बोल. या दारातून मी कशी जाऊ? या दारातून ती बाई बाहेर येणार आहे.

बाबा : बघ, आत्ताही कुजबुजतायत.

ताई : बाबा, मी निघाले. आत्ता निघाले.

बाबा : साहेब रागावणार नाहीत ना?

ताई : नाही रागावणार.

भाऊ : तुझी सुट्टी संपली वाटतं. कॉम्प्युटरवर कुणाचा तरी कॉल येतोय.

ताई : येऊ दे. नाही, थांब, नको... तूच सांग मी काय करू. मला खरंच काही सुचत नाही रे. ते बूट दे इकडे.

भाऊ : आणि आश्रमवाल्यांना काय सांगू?

बाबा : ऐकतेस ना गं? धावत येऊ नकोस, रस्त्यावर गाड्या असतात. मी बसतो धीर धरून. तू घरात असलीस की मला कशाचीच भीती वाटत नाही.