एकदाच घातलाय हो!

...आणि प्रत्येकीचं तेच! दारात पाऊल नाही टाकलं तोच, ‘काका, एकदाच घातलाय हो!’ अरे, एकदाच घातलाय तर घेराला खाली ही धूळ कुठली? एकदाच घालून चालत कुठवर गेली होतीस बाई? पण बोलायची सोय नाही, कारण दुकान बायकोचं, आणि दुकान म्हणजे काय... आमचा दिवाणखाना! तुम्हाला सांगतो, पार्टीचे वापरलेले ड्रेस घ्यायचे, धुवायचे, टिकल्या लावायच्या, चेन बदलायची आणि दुसऱ्या पोरीला विकायचे, हा धंदा हिने काढला आणि मी माझ्याच घरात पाहुणा झालो. पेपर वाचायला बसावं तर खुर्चीवर जांभळी झालर. पंखा लावावा तर ‘अहो, पिसं उडतील!’ कपाट तर केव्हाच गेलं. माझे कपडेसुद्धा त्याच दांडीवर, दोन चमचमत्या झग्यांच्या मध्ये अंग चोरून लटकलेले... माझ्यासारखेच!

आता या धंद्यात एक नियम आहे, आणि तो भलता कडक. जो ड्रेस ज्या शाळेच्या पार्टीत नाचला, तो त्या शाळेत परत जायचा नाही. का? तर पोरी ओळखतात हो! आईचा वाढदिवस विसरतील, पण गेल्या वर्षी कोणी काय घातलं होतं ते विसरायच्या नाहीत. म्हणून ही काय करते, प्रत्येक ड्रेसच्या आतल्या शिवणीला रंगीत दोऱ्याची बारीक गाठ मारते. लाल म्हणजे टेकडीवरची शाळा, पिवळा म्हणजे नदीकडची, हिरवा तिसरी, आणि पांढरा म्हणजे घरचं, विकायचं नाही. हे सगळं हिच्या डोक्यात. मला कोणी सांगितलं? कोणी नाही! मी कोण? इस्त्रीवाला!

तर त्या दिवशी ही बाहेर गेलेली, आणि मला आला उमाळा. म्हटलं, चला, मदत करू. एकेक ड्रेस उलटा केला, तर काय, आत दोरे लोंबतायत! लाल, पिवळे, हिरवे... म्हटलं, काय हे अर्धवट काम, गिऱ्हाईक काय म्हणेल? घेतली कात्री आणि कच् कच् कच्... अख्खी दांडी साफ केली! एक दोरा म्हणून ठेवला नाही. आणि कौतुक करून घ्यायचं म्हणून ते सगळे दोरे एका वाटीत जपून ठेवले. शहाणपण बघा!

कौतुकाला मुहूर्त लागेना, कारण ही आली तीच एका पोरीला बरोबर घेऊन. चष्मेवाली, काटकुळी, शाळेत नवीन आलेली, मैत्रीण म्हणून एक नाही. शाळा कोणती? टेकडीवरची. आवाज इतका बारीक की आरसासुद्धा पुढे वाकून ऐकत असावा. तिला नेमका निळा ड्रेस आवडला. घालून आली आणि काय सांगू... पोरीने पहिल्यांदा मान वर केली हो! आणि मग पुन्हापुन्हा तेच, ‘काकू, हा कोणी ओळखणार नाही ना? मला हसणार नाहीत ना?’ हिने शिवण उलटून पाहिली. गाठ नाही. म्हणजे कुठल्याच शाळेत गेलेला नाही! छातीवर हात ठेवून म्हणाली, ‘माझा शब्द आहे बाळा.’ पोरगी ड्रेस घेऊन अक्षरशः उड्या मारत गेली. पार्टी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती वाटी पुढे केली. ‘बघ, किती कचरा काढला!’

हिने वाटीतला एक लाल दोरा उचलला, त्याला निळ्या कापडाचा धागा चिकटलेला. मग म्हणाली, ‘निळ्याला लाल गाठ होती.’ लाल म्हणजे टेकडीवरची! आणि तो ड्रेस विकून गेली कोण? त्याच शाळेतली, त्याच वर्गातली एक बडबडी, जिचा आवाज तीन घरं पलीकडे जातो. ‘एकदाच घातलाय हो!’ म्हणून गेली होती. पोरीचा पत्ता नाही, फोन नाही. ही म्हणाली, ‘मी शब्द दिला होता हो तिला...’ आणि डोळ्यांत पाणी. मला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली.

काढली स्कूटर! मागे ही, हिच्या मांडीवर बदलायला गुलाबी ड्रेस, आणि तो वाऱ्याने माझ्या तोंडावर. सभागृहाच्या दारात रखवालदार. माझ्याकडे बघतो, गुलाबी ड्रेसकडे बघतो. ‘काका, आत फक्त विद्यार्थ्यांना सोडतो.’ अरे बाबा, हा मी घालणार नाहीये! पण ऐकतो कोण?

काचेतून पाहिलं, तर चष्मेवाली भिंतीला चिकटून उभी. आणि समोरून बडबडी! थांबली. डोळे मोठे केले. आणि ओरडली, ‘अय्या! हा तर माझा ड्रेस!!’ अख्खं सभागृह वळलं. मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं. पोरगी आयुष्यात पुन्हा मान वर करायची नाही.

‘अगं, उजवीकडे हात घाल, उजवीकडे! खिसा आहे! आईने गुपचूप लावलाय!’

मी एक डोळा उघडला. चष्मेवालीने हात घातला, आतून निघाली एक चिकटलेली लिमलेटची गोळी. दोघी फिस्सकन हसल्या. बडबडी म्हणते, ‘गेल्या वर्षी माझा पाय मुरगळला होता, रात्रभर खुर्चीवर बसून गोळ्या खाल्ल्या. बिचाऱ्याचं नाचायचं राहिलंय बघ. चल!’ आणि हात धरून नेली की मध्यभागी! पोरगी नाचली हो! चष्मा घसरला तरी नाचली! ही मला म्हणते, ‘अहो, रुमाल द्या.’ रुमाल कुठला... गुलाबी ड्रेसची झालर दिली. ती आम्ही दोघांनी वापरली.

आता नियम उलटा झालाय. पोरी येतात त्याच मुळी विचारत, ‘काकू, हा आधी कोणाचा होता? नाचला होता का नीट?’ दुकान जोरात आहे, आणि शिक्षा म्हणून सगळ्या गाठी मी परत मारतोय, ही आठवून आठवून रंग सांगते; अजून अर्धी दांडी बाकी आहे.

परवा ही बाहेर गेलेली, तर चष्मेवाली आली, मोठ्या भावाला घेऊन. त्याला कोट हवा होता. पोरीचं वाईट करता करता वाचलो होतो, म्हटलं आता भलं करू. दांडी धुंडाळली, एक काळा कोट मिळाला, झकास! पोराला असा बसला, जणू त्याच्यासाठीच शिवलेला. आत पाहिलं, गाठ नाही. ऐटीत म्हणालो, ‘घे, एकदाच घातलाय हो!’ पोरगा खूश, बहीण खूश, मी तर काय विचारूच नका.

संध्याकाळी ही आली, रिकामा हँगर पाहिला. ‘अहो, तुमचा लग्नातला कोट कुठंय?’

आता तो काय मी लग्नानंतर पाहिला होता? आणि लग्नात तरी नवऱ्याच्या कोटाकडे कोण बघतं! ‘पांढरी गाठ मारून ठेवली होती मी,’ ही म्हणाली, ‘दिसली नाही तुम्हाला?’ काय सांगू, कप्पाळ? ती वाटीत होती!

जाऊ दे. पोरगा नाचेल तरी त्यात, मी कुठे नाचलो होतो! पण एक सांगतो, हा धंदा काढल्यापासून आमच्या दिवाणखान्यात ‘एकदाच घातलाय हो’ हे वाक्य कोणीतरी पहिल्यांदाच खरं बोललं... आणि त्यात कोट गेला तो माझाच!