रिमोट कोणाकडे

पाठीत वेदना शमवणारं यंत्र बसवण्याआधी मनाची तपासणी होती. आपला नंबर कधी येतो म्हणून बसलेल्या शिंप्याचे कान शेजारच्या जोडप्याकडे लागले होते.

“आत काय विचारलं गं?”

“माझ्या दुखण्यावर घरी कुणाचा विश्वास आहे का, म्हणून.”

“मग?”

“तुमचं नाव सांगितलं.”

“बरं केलंस. नाहीतर म्हणतील, नवरा लक्ष देत नाही.”

“छे हो. नऊ वर्षं रोज न चुकता ‘नाटकं पुरे’ म्हणताय, इतकं लक्ष कोण देतं?”

“टोमणे पुरेत. त्या यंत्राला रिमोट असतो म्हणे?”

“असतो.”

“तो माझ्याकडे राहू दे. तुला नाही जमायचं.”

“टीव्हीचा आहे ना तुमच्याकडे? ह्यानं नुसतं दुखणं कमी होतं. बायकोचा आवाज नाही.”