सोवळ्यातली तार

केशवराव : तुमी आंधी खाली उतरा, इवाईबुवा. आदिलाबादच्या बाजारानं पाह्यलं तर म्हणतील, केशवरावानं पोरीच्या सासऱ्याले कवेलूवर चढवलं.

गोपाळराव : अहो, तार मी आणली, ती लावायची कशी ते मला ठाऊक. हैदराबादेपासून मोटारीत मांडीवर घेऊन बसलोय, नातवासारखी.

मथुराबाई : त्यायचं ऐका जरा. मागच्या खेपेले तुमीच लावली होती तार. माही पद्मिनी तिकडं रेडिओवर गायली, अन् मी इकडं काय ऐकलं? कापसाच्या जिनिंगचं इंजिन.

केशवराव : आता जिनिंग आपल्या परसामागं, त्याले मी काय करू? तार तर मी चांगली जाड पाहून लावली होती.

मथुराबाई : ती लुगडी वाळवायची होती.

केशवराव : पण जाड होती.

गोपाळराव : व्याहीबुवा, जाडी पाहून दोरखंड घेतात. मी दुकानदाराला आधी हकिकत सांगितली, की आमच्या व्याह्यांच्या घराला इंजिनाचा शेजार आहे. त्यानं उघडी तार बाजूला सारली, रबराची सारली अन् ही काढली. हिच्या पोटात एक तार, तिच्यावर रबर, अन् वरून तांब्याची विणलेली जाळी. कौलांवरच्या तारेनं पकडलेलं गाणं पोटातून खाली रेडिओत येतं. इंजिनाची खरखर जाळीतच अडकते. जाळीचं एक टोक तुळशीपाशी मातीत गाडायचं, की खरखर जमिनीत गेली.

मथुराबाई : तुळशीपाशीच काऊन?

गोपाळराव : तिथं तुम्ही रोज पाणी घालता ना. ओल्या मातीत ती लवकर मुरते.

मथुराबाई : मंग काही हरकत नाही. या घरातली सारी खरखर आजवर तिनंच ऐकली.

केशवराव : हे मले बोलून राह्यली, बरं.

गोपाळराव : ते कळलं मला. पण आजचं काम चुकवू नका. रेडिओवाल्यांनी सूनबाईला आज बोलावलंय. पुढची पाळी कधी येईल, कुणी सांगावं.

मथुराबाई : दोन वर्सं झाली, तिचा आवाज कानावर नाही. सपनात येते, पण सपनात मेली बोलतच नाही.

केशवराव : ऐकवतो म्हटलं ना तुले. इवाईबुवा, तुमी हातपाय धुवा, पाटावर बसा. मांडे वाढले आहेत. वरचं तुमी लावलंच, आता तुळशीपाशी गाडणं अन् रेडिओकडचा खालचा जोड मी करतो. पाहुण्यानं जेवण सोडून तार ओढली, तर माही काय इज्जत राह्यली?

गोपाळराव : तुमच्या या इज्जतीपुढं कुणाचं चाललंय.

(गोपाळरावांचं जेवण होऊन सुपारी कातरून होते. दिवेलागण झाली आहे. परसामागं इंजिन धडधडतंच आहे. केशवराव रेडिओची कळ फिरवतात.)

केशवराव : ऐका आता. खरखर गेली का नाही?

गोपाळराव : गेली.

मथुराबाई : अन् हैदराबाद?

केशवराव : तेही गेलं वाटते.

गोपाळराव : व्याहीबुवा, रेडिओत खुपसायचं ते पितळी टोपण, त्याचा जोड कसा केलात?

केशवराव : एकदम पक्का. पोटातली तार अन् जाळी, दोघींले मिळून असा पीळ देला, का बैलानं ओढला तरी सुटत नाही.

गोपाळराव : दोघींना मिळून?

केशवराव : दोघीही तांब्याच्या, एका घरच्या. एकीले आत घ्यावं अन् दुसरीले भायेर ठेवावं, बरं दिसते का?

गोपाळराव : अहो, तीच तर हिची मेख. त्या दोघींनी एकमेकींना शिवायचंच नाही. नुसत्या लागल्या, की गाणंसुद्धा खरखरीच्या मागोमाग तुळशीत जातं.

मथुराबाई : म्हंजे आतली सोवळ्यातली आहे.

गोपाळराव : कशातली?

मथुराबाई : सोवळ्यातली. महालक्ष्म्यांचं पुरण मी रांधून राह्यली, का मले कोणी शिवायचं नाही. ते रबर म्हंजे माहं सोवळ्याचं लुगडं. अन् जाळी म्हंजे हे. उंबऱ्याभायेर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याले अडवायचं, पण आत पाय टाकायचा नाही.

गोपाळराव : विहीणबाई, तुम्ही दुकानात हव्या होत्या. तो बिचारा कागदावर चित्रं काढत बसला होता.

केशवराव : अन् मी जन्मभर हिच्या सोवळ्याले हसत आलो.

मथुराबाई : नुसते हसले असते तर चाललं असतं. दरसाली पुरणात बोट घालता. आजही तेच केलं.

गोपाळराव : राहू द्या. पिळलेलं टोक कापून टाकू. वेळ थोडा आहे. आता जाळी मागं मुरडा, तशी. ती टोपणाच्या बाहेरच्या अंगाला बसवायची. आतली तार मधल्या काडीला. अन् पीळ देऊन भागणार नाही, डाग द्यायचा. पीळ आज धरतो, पावसाळ्यात हिरवा पडतो. मी कल्हईचं कथील आणलंय. चुलीत सळई तापवा.

मथुराबाई : तापलेलीच आहे. घ्या. रबर नका जाळू.

केशवराव : मी धरू?

मथुराबाई : तुमी उंबऱ्याभायेर.

गोपाळराव : झालं. आता खुपसा. फिरवा कळ.

केशवराव : काहीच नाही. इवाईबुवा, काहीच नाही येऊन राह्यलं.

गोपाळराव : असं होणार नाही. जोड तर बरोबर आहे. मराठीचा कार्यक्रम आता लागेल. मी सूनबाईला शब्द देऊन आलोय, की तुझ्या आईला ऐकवल्याशिवाय तोंड दाखवणार नाही.

मथुराबाई : थांबा. काढा ते टोपण. कंदील इकडं करा. अजून जवळ. हे पाहा.

केशवराव : काय पाहू? मले काही दिसत नाही.

मथुराबाई : तुमाले ताटातला केस दिसत नाही, हा काय दिसेल. जाळीचा एकच केस आहे, मुरडायचा राह्यला. आत जाऊन हळूच शिवून राह्यला. सुई द्या माही. देवळीत आहे.

गोपाळराव : बारीक आहे हो फार.

मथुराबाई : तांदळातले खडे याच्याहून बारीक असते. निघाला. खुपसा आता.

रेडिओ : …हैदराबादेहून मराठी कार्यक्रम. आता पद्मिनीबाई जात्यावरच्या ओव्या म्हणतील.

केशवराव : पद्मिनीबाई म्हणाला तो.

मथुराबाई : चूप.

रेडिओ : पहिली माझी ओवी, पैनगंगेच्या पाण्याला, कापूस वेचता वेचता, माय शिकवी गाण्याला…

मथुराबाई : हे माहं आहे. मी म्हणत होती दळताना. लहान होती ती, मांडीवर डोकं ठेवून झोपे. मले वाटे, झोपली आहे.

रेडिओ : …सासरा भोळा माझा, गेला तार घेऊनी, ऐके माउली माझी, कान तारेला लावूनी…

गोपाळराव : ही ओवी तालमीत नव्हती. माझ्यासमोर रोज म्हणत होती, तेव्हा ही नव्हती. अन् भोळा म्हणाली मला, साऱ्या मुलखादेखत.

केशवराव : खोटं काय बोलली?

मथुराबाई : आवाज भरला आहे तिचा. सुखात आहे माही पोर. इवाईबुवा, तुमी तिले चांगलं ठेवलं. हे मले तुमच्या सांगण्यावरून नाही, आज कानानं कळलं.

गोपाळराव : एवढं ऐकायला मी तारेचं आणखी एक वेटोळं मांडीवर आणीन.

केशवराव : इंजिन बंद पडलं का वो?

गोपाळराव : चालूच आहे. कान द्या तिकडं. फक्त घरात आलं नाही.

मथुराबाई : काऊन वो, रडून राह्यले का?

केशवराव : छट्. कथलाचा धूर गेला डोळ्यात.

मथुराबाई : पुसा मंग. अन् तो ओला हात तारेले लावू नका.