दस्तगीरचं नाव पेपरात आलं तेव्हा

आमच्या दस्तगीरचं नाव पेपरात छापून आलं, त्याचं पुढं काय झालं ते सांगतो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. दारू सोडलेले आणि सोडू बघणारे आम्ही काही जण दर रविवारी शाहूपुरीतल्या एका शाळेत जमायचो. कुणाचं नाव बाहेर सांगायचं नाही, असं ठरलेलं. एकदा एक बातमीदार येऊन बसला. त्यालाही हे बजावलं होतं. पण कौतुकाच्या भरात त्यानं दस्तगीरचं नाव, गाव, गाद्या भरायचा धंदा, सगळं छापून टाकलं.

दस्तगीर पेपर घेऊन माझ्या घरी आला. म्हणाला, "आई जयसिंगपुरात असती. मी पीत हुतो हे तिला ठावं न्हाय. आता कुठल्या तोंडानं घरी जाऊ? मी काय बैठकीला येत न्हाय बघा."

हातापाया पडून मी त्याला पुढच्या रविवारी आणलं. बैठक सुरू होते तोवर दारात त्याची आई. शेजाऱ्याकडून बातमी वाचून घेऊन एसटीनं आली होती. दस्तगीरनं मान खाली घातली. ती येऊन त्याच्याशेजारीच बसली.

मी म्हणालो, "चाची, रागावू नका. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून लपवलं त्यानं."

"काय लपवलं?" म्हातारी म्हणाली. "पितोय हे अख्ख्या गल्लीला ठावं हुतं. सोडली, तेवढंच ह्यानं लपवलं की."