केन्याच्या फुलामागचं वावर

चोपड्याच्या आमच्या नानांनी मला कसं अडकवलं, ते ऐका आधी, चहा नंतर प्या.

त्यांच्या केळीच्या बागेत मला केना या रानरोपाचं इवलंसं निळं फूल दिसलं. पण मागे घडांवर चढवलेल्या पिशव्याही निळ्याच! फोटोत फूल पार हरवून जायचं. त्यात ऊन चढलं की ते मिटणार. मी चिखलात पालथा पडून धडपडतोय, तेवढ्यात नाना आले.

"हाई काय करी राहिना रे?"

"नाना, फुलाचा फोटो काढतोय."

"अरे, तन शे ते! नानाच्या वावरात निंदणी झाली नाही म्हणून बठ्ठा गाव हसी माले!" म्हणत ते उपटायलाच वाकले.

मी हातच धरला त्यांचा. "नाना, मागचं काहीच दिसू देणार नाही. वावर कोणाचं, ते तुम्हालासुद्धा ओळखू येणार नाही."

नाना थबकले. "नक्की?"

"नक्की."

मग त्यांनी आपली काळी छत्री उघडली, फुलामागे धरली आणि दहा मिनिटं उकिडवे बसले. फोटो असा आला म्हणून सांगू, काळ्याभोर पडद्यावर नुसतं निळं फूल! मी लगेच त्यांच्या मोबाईलवर पाठवला.

तिसऱ्या दिवशी एक अनोळखी फोन.

"मी नानांचा चुलतभाऊ बोलतोय. माझ्या वावरात कधी घुसला होतास तू? नाना तू काढलेला फोटो गावभर दाखवतोय, 'बघा, भावाच्या बागेत केवढं तण माजलंय!'"