मुका माज आणि माझी खुर्ची

नाही, मी म्हणतो, माजावर आलीस तर जरा हंबरायला काय जातं गं तुझं?... तुम्हाला सांगतो, आमच्या गोठ्यात जागा दोनच गाईंची. एक बायकोच्या माहेरून आलेली देशी, आणि दुसरी मी साडूचं ऐकून आणलेली संकरित! साडू म्हणाला, "अहो, चार लिटरवर काय दिवस काढता? ही बघा, वीस लिटर!" भुललो. हिला कोमट पाणी काय, हिला वेगळं खाद्य काय... मी तापाने फणफणलो होतो तेव्हा मला एवढं कोणी विचारलं नव्हतं! बायकोने नाव ठेवलं महाराणी. म्हटलं, ठेव. पण दूध? वीस लिटर!

त्यात देशीची कालवड मोठी झाली. तिला बांधायची कुठे? माझ्या जिभेला हाड नाही, बोलून गेलो, "वर्षाच्या आत जी गाभण राहणार नाही, ती बाजारात!" बायको नुसती हसली. तेव्हाच समजायला हवं होतं.

देशीचं काय विचारता... माजावर आली की चार गल्ल्यांना कळवते! डॉक्टर एकदा आले, एकदा भरली, गाभण. झालं काम! आणि आमची महाराणी? हिचा मुका माज! माजावर येते, पण ना हंबरणं, ना गवगवा. डॉक्टर म्हणतात, "सकाळ-संध्याकाळ मागून लक्ष ठेवा." म्हणजे मी, दोन मुलींचा बाप, निवृत्त हेडक्लार्क, खुर्ची टाकून गाईच्या शेपटीमागे! शेजारीण विचारते, "काका, काही हरवलंय का?" आता काय सांगू तिला, कपाळ? पण दूध? चौदा लिटर!

भरली... उलटली, म्हणजे गर्भ राहिलाच नाही. पुन्हा भरली... पुन्हा उलटली. डॉक्टर खांद्यापर्यंत हात घालून वर छताकडे बघत "हंऽऽ" करायचे आणि मीही छताकडे बघायचो! "नाही राहिली." पण दूध? नऊ... म्हणजे, साडेआठ. तोवर देशी व्यायलीसुद्धा! पाचव्यांदा उलटली तेव्हा घरात चहा देशीच्या दुधाचा होता, आणि मी तो निमूट पीत होतो. महाराणीचं दूध? जाऊ दे ना, नका विचारू.

वर्ष भरलं, व्यापारी दारात. मी दावं सोडायला गेलो तर गाठच सुटेना... खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं हो! आणि ती बया माझी बाही चाटतेय!

बायको बाहेर आली. व्यापाऱ्याला म्हणाली, "जा भाऊ, नाही विकायची."

"अगं, मी शब्द दिला होता!"

"असू द्या. तुम्ही निवृत्त झाल्यापासून बसून खाणारं एक सांभाळतेच आहे, त्यात ही दुसरी."

"आणि कालवड?"

"ती तुमच्या खोलीत."

"मग मी?"

तिने महाराणीच्या शेजारी बोट दाखवलं... जागा वाईट नाही म्हणा. खाली महाराणीसाठी आणलेली रबराची गादी आहे. पाठीला बराच आराम पडलाय!